घरात कोणालाच कॅन्सर नाही, मग भाचीच्या डोळ्याला तो जनुकामुळे कसा झाला?

तुमच्या भाचीच्या एका डोळ्यात रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा कॅन्सर, निघाला आणि डॉक्टरांनी आरबी१ जनुकाचं नाव घेतलं, असं तुम्ही लिहिलंय. मी जीवशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. पण आधी हे सांगते, की यात तिच्या आईचं काही चुकलेलं नाही. गरोदरपणात काय खाल्लं, काय नाही, हा विचार तिच्या डोक्यातून कृपया काढा.

आरबी१ तेराव्या गुणसूत्रावर असतं. त्याचं आरबी नावाचं प्रथिन पेशीच्या विभाजनावर पहारा ठेवतं. डीएनएची प्रत काढायची तयारी ई२एफ नावाची प्रथिनं सुरू करतात आणि आरबी त्यांना धरून ठेवतं. वाढीचा संदेश आला, की पकड सुटते. आरबीच उरलं नाही, तर संदेश नसतानाही पेशी विभागत राहते.

मात्र या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. एक बिघडली तरी दुसरी काम निभावते. गाठीची सुरुवात व्हायला एकाच पेशीतल्या दोन्ही प्रती जाव्या लागतात. हे १९७१ मध्ये अमेरिकी डॉक्टर-संशोधक आल्फ्रेड नुडसन यांनी ४८ रुग्णांच्या नोंदींवरून मांडलं. दोन्ही डोळ्यांत गाठी असलेल्या मुलांना आजार लवकर होतो, असं त्यांना दिसलं. या मुलांच्या प्रत्येक पेशीत जन्मापासूनच एक प्रत बिघडलेली असते. डोळ्याच्या पडद्याच्या असंख्य पेशींपैकी कुठेतरी दुसरी गेली की पुरतं. इतर मुलांमध्ये दोन्ही बिघाड एकाच पेशीत, जन्मानंतर किंवा गर्भात वाढताना व्हावे लागतात. म्हणून बहुधा एकच डोळा, एकच गाठ. प्रत्यक्ष जनुक हाती लागलं १९८६ मध्ये! केवळ रुग्णांच्या नोंदींवरून नुडसन यांनी हे आधीच ओळखलं, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं.

भाचीच्या एकाच डोळ्यात गाठ असल्याने दोन्ही बिघाड फक्त तिथल्याच पेशीत झाले असण्याची शक्यता जास्त. तरी एकाच डोळ्यात गाठ असलेल्या साधारण १५ टक्के मुलांमध्ये पहिला बिघाड जन्मजात सापडतो, आणि तो बहुतेकदा आईवडिलांकडून आलेला नसून नव्यानेच झालेला असतो, म्हणून घरात कोणाला काही नसतं. त्यामुळे रक्ताची आरबी१ तपासणी आणि जेनेटिक कौन्सेलिंग (आनुवंशिक आजारांबद्दलचं समुपदेशन) याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. बिघाड जन्मजात निघाला, तर दुसऱ्या डोळ्याची नियमित तपासणी लागते, पुढे हाडाच्या कॅन्सरचा धोका लक्षात ठेवावा लागतो, आणि तिला धाकटं भावंड झालं तर त्याचेही डोळे जन्मल्याबरोबर तपासून घ्यावे लागतात.