गाई घटल्या, तरी वळूंचे भाव का चढले?

तुमचा प्रश्न असा: अमेरिकेत मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गाई घटल्यात, मग अँगससारख्या (मांसासाठी पाळली जाणारी एक जात) नोंदणीकृत वळूंचे भाव पडायचे सोडून चढले कसे? आणि टेक्सासमधल्या तुमच्या भाच्यानं आत्ता नोंदणीकृत कालवडी घ्याव्यात का?

गिऱ्हाईक कमी झालं हे खरं, पण उरलेल्या गिऱ्हाइकाचा खिसा बघा. १ जानेवारी २०२५ ला अमेरिकेत एकूण जनावरं ८ कोटी ६७ लाख होती, १९५१ नंतर सगळ्यात कमी. (१९७५ मध्ये १३ कोटी २० लाख होती.) दुष्काळात चारा संपला तसा लोकांनी कळप विकून टाकले. मग वासरांना कधी नव्हे तो भाव आला, आणि वळूचा भाव वासरावरच चालतो. अमेरिकेतले जुने लोक सांगतात, चांगला वळू म्हणजे चार-पाच वासरांचे पैसे. एक वळू हंगामाला पंचवीसेक गाई भरवतो. वासरं महागली की रँचवाला, म्हणजे मोठे कळप पाळणारा, वळूसाठी हात सैल सोडतो.

मी नेब्रास्कात पशुखाद्याच्या धंद्यात आहे, त्यामुळे मार्चमध्ये वळूंच्या लिलावांना जाणं होतं. लहानपणी खरसुंडीच्या जत्रेत उपरण्याखाली बोटं दाबून ठरलेले सौदे बघितलेत. इथं सगळी बोली उघड्यावर. यंदा शेजारी बसलेला म्हातारा रिंगणाकडे बघतच नव्हता. कॅटलॉगमधल्या एकाच रकान्यावरून पेन्सिल फिरवत होता: जन्मवजन. कालवडी न विकता राखल्या होत्या त्यानं. वळू जन्मताना हलका असेल, तर त्याची वासरंही हलकी निघतात. पहिलारू कालवडीला मोठं वासरू अडतं, मग भर थंडीत रात्री साखळ्या लावून ओढायची वेळ येते. डोळ्यात भरणारा दांडगा वळू त्यानं जाऊ दिला आणि त्यानंतरच्या किरकोळ दिसणाऱ्यावर शेवटपर्यंत बोली चढवली. कळप पुन्हा वाढायला लागतात तेव्हा असल्या वळूंची चढाओढ आधी सुरू होते.

पुरवठ्याचं मात्र लोकांना नीट कळत नाही. आई-बाप नोंदलेले असले की वासराचा कागद मिळतो, त्यात अवघड काही नाही. खरा पुरवठा ठरतो तो कुठला गोऱ्हा वळू म्हणून ठेवायचा आणि कुठला खच्ची करायचा यावर. मंदीत पैदासकार कठोर असतो. तेजीत त्याचा हात कचरतो, ‘हाही खपेल’ म्हणून सुमार गोऱ्हे राखले जातात. आज गाय भरवली तर वासरू नऊ महिन्यांनी, ते वळू म्हणून बाजारात यायला आणखी वर्ष-दोन वर्षं. तोवर भाव उतरले असतील, तर हीच सुमार भरती सगळ्यात आधी मार खाते.

२०१९ मध्ये नॉर्थ डकोटात एक अँगस वळू १५ लाख १० हजार डॉलरला गेला. त्यावरून अंदाज बांधू नका. तो पैसा कृत्रिम रेतनासाठी विकल्या जाणाऱ्या वीर्याच्या कांड्यांतून आणि नावातून वसूल करायचा असतो, आणि नावाचा काय भरवसा? २००८ मध्ये एका गाजलेल्या अँगस वंशात वाकड्या पायांची मेलेली वासरं जन्मू लागली, कारण जनुकातला दोष. कागद तेच राहिले, गिऱ्हाईक पळालं.

भाच्याला सांगा, विकणाऱ्याला वंशावळ नंतर विचार. आधी एवढंच विचार, की गेल्या वर्षी जन्मलेल्या गोऱ्ह्यांपैकी किती खच्ची केलेस? उत्तर देताना तो अडखळला, तर दुसऱ्या गोठ्यावर जा.