डांगाणातलं पाणी, वरई आणि डांगी बैल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची वाडी भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला आहे. पाऊस धो धो पडतो, समोर धरण दिसतं, तरी होळी उलटली की हंडे घेऊन फिरावं लागतं. वाडीला एक झरा आहे. तो पुरेल का, हे कसं ठरवायचं?

डांगाणातल्या, म्हणजे अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागातल्या, घाटघर, रतनवाडी, साम्रद या पट्ट्यात हंगामात 4,000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. माती पातळ, खाली कातळ आणि उभा उतार. त्यामुळे पाणी मुरायच्या आत प्रवरेला मिळतं. 1926 साली पुरं झालेलं धरण वाडीच्या खाली आहे आणि त्याचं पाणी कालव्यांनी पूर्वेकडच्या शेतांना जातं. ते वर चढवायचं म्हणजे पंप, नळ आणि दरमहा वीजबिल. तेव्हा आधी झऱ्याकडेच बघा.

मोजणी एप्रिल-मेमध्येच करा. दिवाळीतली धार फसवते. 20 लिटरची बादली धारेखाली धरा आणि घड्याळ लावा. चार मिनिटांत भरली तर मिनिटाला 5 लिटर, म्हणजे दिवसाला 7,200 लिटर. माणशी 55 लिटर धरले तर 130 माणसांचं भागतं. गुरांचं पाणी वेगळं धरा. मात्र यातलं निम्मं पाणी रात्री वाहून जातं, म्हणून किमान 4,000 लिटरची बंदिस्त टाकी हवीच. पुष्कळ वाड्यांत टंचाईचं खरं कारण झरा नसून ही न बांधलेली टाकी असते.

धार वाढावी म्हणून झऱ्याच्या तोंडाशी सुरुंग लावू नका. मांजऱ्या म्हणतात त्या सच्छिद्र खडकातून मुरलेलं पाणी खालच्या अखंड कातळावर अडतं आणि बाजूला फुटतं, तोच झरा. कातळाला तडा गेला की पाणी खाली उतरतं आणि झरा कायमचा जातो. पावसाचं पाणी मुरावं म्हणून समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एका पातळीतले चर, खोदायचे ते झऱ्याला पाणी देणाऱ्या क्षेत्रात. खडकाचे थर पलीकडून झऱ्याकडे झुकलेले असतील, तर हे क्षेत्र डोंगराच्या दुसऱ्या कुशीलाही असू शकतं. म्हणून खोदण्याआधी भूजलाच्या जाणकाराला थरांचा कल दाखवा.

प्रश्न : डोंगरउतारावरची वरई दरसाल कमी होत चालली आहे. खत वाढवावं का?

आधी पिकांची पाळी तपासा. उतारावर पहिल्या वर्षी नागली (नाचणी), दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी हे तेलबियांचं पीक आणि मग जमीन पडीक, अशी जुनी रीत आहे. खुरासणी शेवटी, कारण ती हलक्या, थकलेल्या जमिनीतही येते. आता कुटुंबं वाढली, वाटण्या झाल्या आणि पडीक वर्षं कमी झाली. उत्पादन घटतं ते त्यामुळे. पडीक ठेवणं परवडत नसेल तर आडव्या ओळीत लावणी करा, दर काही ओळींनंतर गवताचा पट्टा राखा आणि शेणखत द्या. उघड्या उतारावर फेकलेला युरिया पहिल्याच झडीत ओढ्याला जातो.

प्रश्न : डांगी बैलजोडी विकून संकरित गाय घ्यावी का?

भातखाचरं असतील तर जोडी ठेवा. डांगी या इथल्या जातीच्या कातडीला तेलकटपणा असतो, त्यामुळे संततधारेत ती टिकते. खूरही कठीण असतात. दूध मात्र बेताचंच. संकरित गाईला कोरडा गोठा, बारमाही हिरवा चारा आणि रोज पोचणारी दूधगाडी लागते. यातलं एक जरी नसेल तरी घेऊ नका.