स्वयंपाकघरातला उंदीर

“मनावर ताबा ठेवायला शिकवा, बाकी डाएट माझं व्यवस्थित आहे.” खुर्चीत नीट टेकायच्या आधीच सुहासरावांनी हे सांगून टाकलं. (नाव बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही.) वय ४४, भांडुपला वन रूम किचन, फोर्टात अकाउंट्सची नोकरी. फॅटी लिव्हर निघालं म्हणून डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलेलं. वर्षभरात नऊ किलो उतरवले आणि अकरा चढवले. वजनाच्या मागे लागलेल्यांकडून मी हेच ऐकत असते: दिवसभर सगळं पाळतो, मग रात्रीच काय होतं? मी मुळातच अधाशी आहे का?

रात्रीचं त्यांनी सांगितलं ते माझ्याकडे न बघता. बायको आणि मुलगी बाहेरच्या खोलीत झोपल्या की हे पाणी प्यायला म्हणून आत जायचे. दिवा लावायचा नाही. फ्रिजचं दार उघडं ठेवलं की तेवढा उजेड पुरतो. स्टीलच्या डब्याचं झाकण पंच्याने दाबून धरून हळूच सोडवायचं, म्हणजे टण्णकन आवाज होत नाही. आधी चिवडा, मग शंकरपाळे, ते संपले की उरलेल्या पोळ्यांवर तूप-साखर. एकदा तर नुसती दूध पावडर, चमच्याने. उभ्या उभ्या, भराभर, पोट दुखायला लागेपर्यंत. शेवटी डब्यातला चिवडा हलवून फुलवून ठेवायचा, कमी झालेला दिसू नये म्हणून. तरी बायकोला शंका यायचीच, पण उंदराची. तिने ओट्याजवळ चिकट पुठ्ठा लावून ठेवला होता आणि हे गृहस्थ रोज रात्री तो ओलांडून जात होते.

सांगताना ते हसले, मीही हसले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसत बसले.

पहिल्या तीन भेटींत मी भलत्याच वाटेने गेले, हे कबूल करते. ऑफिसात ताण कशाचा, घरात बोलणं कसं, लहानपणी आई ताटावर म्हणायची ते “भस्म्या झालाय का तुला?” किती लागलं. यातलं काही खोटं नव्हतं. पण रात्री तशाच चालू होत्या. चौथ्या भेटीला ते ऑफिसातून थेट दादरला उतरून आले. बॅग टेबलाच्या पायाला आपटली आणि आतला डबा धप्प वाजला. रिकामा डबा असा वाजत नाही.

“जेवला नाहीत?”

“मी डबा प्यूनला देतो, मॅडम. आज तो रजेवर.”

किती दिवस? सात महिने. सकाळी काळी कॉफी, दुपारी काकडी आणि ताक, नऊला घरी एक भाकरी आणि भाजी. बायको पहाटे उठून चार पोळ्यांचा डबा करते, तो प्यून खातो. जिथे समस्या नाही असं त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं, नेमकं तिथेच मी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता. ते दिवसभर जेवणाचाच विचार करू लागले, काही जण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. पुढे खायला मिळाल्यावर पोट तुडुंब भरूनही काहींची भूक भागेना. ही मुलं अधाशी म्हणून निवडलेली नव्हती. सुहासरावांना हे सांगितलं तर ते गप्प झाले, मग म्हणाले, “म्हणजे रात्रीची उधारी मी दिवसाच करून ठेवतो.” हिशेबाचा माणूस!

त्यात आणखी एक गाठ. नियम जितका कडक, तितकं “नाहीतरी आज मोडलंच आहे, तर होऊन जाऊ दे” लवकर येतं. एक शंकरपाळा पुरतो.

थोड्या वेळात खूपच जास्त खाणं, थांबवता न येणं, लपवणं, मागून स्वतःची किळस, आणि हे आठवड्यातून निदान एकदा, तीन महिने चालू असणं: याला बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत २०१३ पासून तो स्वतंत्र आजार आहे. खाल्लेलं उलटी करून किंवा जुलाबाच्या गोळ्यांनी काढलं जात असेल, तर तो बुलिमिया, त्याची काळजी वेगळी. निदानासाठी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, तिथेही हेच निघालं. सगळ्यांचं मूळ डाएटमध्येच असतं असं मात्र नाही; काहींना हा त्रास आधीपासून असतो आणि डाएट मागून येतं.

उपाय ऐकून ते चिडलेच. तीन वेळा जेवण, मध्ये दोनदा खाणं, तीन-चार तासांपेक्षा जास्त खंड नको. रात्री कितीही खाल्लं असलं तरी सकाळी पोहे खायचेच, भरपाईचा उपास नाही. वजन आठवड्यातून एकदाच.

“मॅडम, तुम्ही माझं वजन वाढवणार.”

“काही आठवडे कदाचित उतरणार नाही, थोडं वाढेलही. तुमच्या डॉक्टरांना आपण हे कळवूया. आधी रात्र आटोक्यात येऊ दे.”

वही लिहायला सांगितली, तर पहिल्या आठवड्यात कॅलरींचे रकाने पाडून आणले. ते खोडले. वेळ, काय खाल्लं, त्याआधी काय चाललं होतं, बस.

आठवड्याला पाच रात्री होत्या, त्या दीड महिन्यात एकदोनवर आल्या. मग मार्च एंडिंग आलं, डबा बॅगेतच राहिला, आणि त्या रात्री संपूर्ण शेवेचं पाकीट. या वेळी कारण शोधावं लागलं नाही, वहीत दुपारची ओळच कोरी होती.

घरी सांगायला त्यांना आठ भेटी लागल्या. बायको बरोबर आल्या. दोन मिनिटं काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, “अहो, आणि मी पुठ्ठे आणतेय!” प्यूनचं ऐकून मात्र त्या खरंच रागावल्या, आणि ते योग्यच होतं.

आता अडलंय ते संकष्टीवर. दिवसभर उपाशी राहून चंद्रोदयाला, म्हणजे बरोब्बर रात्री, ताट समोर येणार. सध्या नको, असं मी म्हटलं. पण वीस वर्षांचं व्रत माझ्या सांगण्यावरून कसं सुटायचं? शेवटी त्यांच्या आईंनीच तोड काढली: “तू जेव. तुझी मी धरते.” आईंना रक्तदाबाची गोळी आहे, तेव्हा त्यावरही बोलावं लागणार.