प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकाऱ्याला गोळ्या मोजण्यापलीकडे काही काम असते का?

डी. फार्म. (औषधनिर्माणशास्त्राची पदविका) झाल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी घेतली तर गोळ्या मोजण्यापलीकडे काही करायला मिळते का, असे आपण विचारले आहे. मी ग्रामीण महाराष्ट्रातील अशाच एका केंद्रात औषध निर्माण अधिकारी, म्हणजे फार्मासिस्ट, आहे आणि माझ्या मते गोळ्या मोजणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. (गावातली जुनी माणसे आजही आम्हाला कंपाउंडर म्हणतात, त्याचे फारसे मनावर घेऊ नये.)

सपाट भागात एका केंद्रामागे 30,000 आणि डोंगरी किंवा आदिवासी भागात 20,000 लोकसंख्या असा निकष आहे. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांचा वेळ रुग्ण तपासण्यात आणि केसपेपर लिहिण्यातच जातो, त्यामुळे औषध कसे घ्यायचे हे समजावण्याची जागा औषध खिडकीच उरते. ओआरएसची मोठी पुडी एकाच वेळी एक लिटर पाण्यात विरघळवायची असते, पण अनेक घरांत ती पेल्यात चिमूटचिमूट टाकली जाते. जुलाब थांबले तरी बाळाला झिंक 14 दिवस द्यायचे असते, पण शी घट्ट झाली की उरलेल्या गोळ्या फडताळात जातात. लोहाच्या गोळ्यांनी शौचाचा रंग काळा होतो हे आधीच सांगितले नाही, तर गरोदर बाई घाबरून गोळ्या बंद करते. चहाबरोबर घेतल्या तर लोह नीट शोषले जात नाही, हेही तेव्हाच सांगावे लागते. बीपीच्या रुग्णाला मात्र, बरे वाटते म्हणून गोळी सोडू नये, हे महिन्याच्या महिन्याला नव्याने पटवावे लागते. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनी रुग्णाला अशी माहिती देणे ही फार्मासिस्टची जबाबदारीच मानली आहे.

दुसरे काम खिडकीमागचे, साठ्याचे. पावसाळ्यात सर्पदंश वाढतात हे ठाऊक असल्याने प्रतिविषाची मागणी आधीच नोंदवावी लागते. विषबाधेची लक्षणे दिसणाऱ्या रुग्णाला सुरुवातीलाच साधारण 10 कुप्या लागतात, म्हणजे कपाटात चार कुप्या असल्या तर नोंदवहीत साठा दिसतो, पण रुग्णाला पुरेसा उपचार मिळत नाही. मुदत लवकर संपणारी औषधे आधी वापरात आणणे, उपकेंद्रांची मागणी पुरवणे आणि ई-औषधी या औषधसाठ्याच्या संगणकीय नोंदप्रणालीतील आकडे प्रत्यक्ष साठ्याशी जुळवणे, यातच दुपार जाते. हे काम नीट झाले तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

केंद्राबाहेर अनेक गावकरी आधी 'मेडिकल'वरच जातात. तिथे फार्मासिस्टचे प्रमाणपत्र एकाचे आणि काउंटरवर माणूस दुसराच, हा प्रकार मला सर्वांत घातक वाटतो. शेड्यूल एच-1 (कडक नियंत्रणाखालील औषधांची कायद्यातील यादी) मधील प्रतिजैविके आणि क्षयरोगाची औषधे चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, त्यांची वेगळी नोंद तीन वर्षे जपावी लागते. आणि क्षयरोगाची औषधे घेणाऱ्या रुग्णांची माहिती शासनाला कळवणे 2018 पासून औषध विक्रेत्यांवरही बंधनकारक आहे.

मात्र निदान करणे किंवा डोस स्वतःच्या मनाने बदलणे आपल्या अधिकारात नाही. चिठ्ठीत दोन औषधे एकमेकांना मारक दिसली, तर केसपेपर घेऊन डॉक्टरांच्या टेबलापर्यंत जावे लागते, आणि रांग खोळंबली म्हणून लोक बोलले तरी जावे. ही तयारी असेल तर नोकरी जरूर घ्यावी.