कोण कधी गेलं, तेही लिही

बेटा,

तुझा मेसेज वाचला. पक्षी बघायला दुर्बीण कोणती घेऊ, कॅमेरा घेऊ का, इंदूरच्या सिरपूर तळ्यावर किती वाजता जाऊ, सगळं एका दमात विचारलंयस. दुर्बीण 8×42 ची घे, म्हणजे आठपट मोठं दिसतं आणि हातही फार थरथरत नाही. कॅमेरा या वर्षी नको, फोटोच्या नादात पक्षी काय करतोय ते बघायचं राहून जातं.

आधी एक गोष्ट समजून घे. युरोप-अमेरिकेतले लोक वसंतातल्या मायग्रेशनचे व्हिडिओ टाकतात ना, पक्षी आले, पक्षी आले म्हणून, ते त्यांच्याकडचं. आपल्या माळव्यात वसंत म्हणजे निघायचा सीझन. पावसाळा संपता संपता आलेली ही पाहुणे मंडळी फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिल-मेपर्यंत हळूहळू निघतात, कोणी हिमालयात, कोणी मध्य आशियात तर कोणी थेट पूर्व युरोपात. येणारा पक्षी लगेच कळतो गं, काल नव्हता आणि आज आहे. पण जाणारा सांगून जात नाही. त्या दिवशी दिसला तो शेवटचा होता हे आठ-दहा दिवसांनी लक्षात येतं, आणि तेही आपण रोज बघत असलो तरच.

म्हणून माझं ऐकशील तर पन्नास जाती मोजायच्या मागे लागू नकोस, एक झाड धर.

माझं झाड म्हणजे रामबागेतल्या घरामागचा आंबा. त्यावर दर हिवाळ्यात एक माशीमार असतो, रेड ब्रेस्टेड फ्लायकॅचर, चिमणीपेक्षाही लहान, नराचा गळा तांबूस-नारिंगी. खालच्या फांदीवर बसतो, पंख जरासे खाली सोडतो आणि शेपटी झटकन वर करतो, तेव्हा शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंचे पांढरे ठिपके चमकतात. मधूनच ट्रर्रर्र असा बारीक आवाज, जुन्या घड्याळाला चावी देतात ना तसा. वजन दोन चमचे साखरेएवढं, आणि हा जातो पार पूर्व युरोपापर्यंत, तेही बहुतेक रात्री उडून! पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या आंब्याकडे बघत बसले होते.

एका वर्षी मी फक्त तो दिसला की वहीत लिहायचे. 27 मार्चची नोंद आहे, पुढे काही नाही. मग तो 28 ला गेला, की मीच चार दिवस मागच्या अंगणात गेले नाही? वहीत उत्तरच नाही. ते वर्ष वाया गेलं याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून रोज लिहिते, वेळ, किती मिनिटं बघितलं, आणि दिसला नसेल तर स्पष्ट ‘नाही दिसला’. तूही तसंच लिही, ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या वेबसाइटवर, टाकलंस तरी घरची वही सोडू नकोस.

यांना निघायची वेळ कशी कळते असं विचारलंस. मुख्य इशारा दिवसाच्या लांबीचा. काळ्या डोक्याच्या भारीट पक्ष्यावर आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांनी खूप प्रयोग केलेत, पिंजऱ्यात उजेडाचे तास वाढवले की तो भरपूर खातो, अंगावर चरबी चढते आणि रात्री झोपायचं सोडून अस्वस्थपणे फडफडत राहतो. हेच भारीट तुला यशवंत सागर तलावाकडे जाताना गव्हाच्या शेतांत थव्याने दिसतील, कापणीच्या दिवसांत जा, पिवळंधमक पोट लगेच ओळखू येतं.

आणि सेमल, म्हणजे काटेसावर, चुकवू नकोस. एखादा फुललेला सेमल गाठ आणि सात वाजता त्याच्याखाली उभी राहा. भोरड्या, आपल्याकडे हिंदीत तिल्यर म्हणतात त्या गुलाबी मैना, इतका कलकलाट करतात की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, फुलात डोकं खुपसून रस पितात आणि वर काढतात तेव्हा कपाळावर पराग चिकटलेले असतात. त्यांचा रंग नीट बघ. थंडीत मळकट दिसतात, कारण पिसांची टोकं मातकट असतात, ती झिजत जातात तसा खालचा गुलाबी आणि चकचकीत काळा उघडा पडतो. नवीन पिसं न येताच नटायचं, मला ही गोष्ट फार आवडते. सिरपूरला काठावर पिवळ्या डोक्याचे धोबी पक्षीही याच दिवसांत रंग भरतात, तिथे सूर्य उगवायच्या वेळी पोच, नऊनंतर ऊनही चढतं आणि मॉर्निंग वॉकची गर्दीही.

आवाज ओळखायला अ‍ॅप वापर, काही हरकत नाही, पण पक्षी बाहेर यावा म्हणून फोनवर त्याचाच आवाज वाजवायचा नाही. ग्रुपमधला कोणी मोठा वाजवत असेल तरी त्याला सांग. तो बिचारा प्रवासासाठी चरबी साठवतोय, त्याला खोट्या भांडणात कशाला दमवायचं? त्यापेक्षा गच्चीवर मातीच्या पसरट परळात दोन बोटं पाणी ठेव, रोज बदल, आणि रात्री गच्चीचा मोठा लाइट बंद ठेवायला बाबांना सांग, रात्री उडणारे पक्षी उजेडाने भरकटतात.

तुमच्या दारातला कडुलिंब चांगला आहे. त्यात वर शेंड्याकडे ‘च्वी’, ‘च्वी’ असं सारखं ऐकू आलं तर तो हिरवट वटवट्या, दिसायला वेळ लागेल, मान दुखेल, तरी थांब. जायच्या आधी एप्रिलमध्ये तो गायला लागतो कधीकधी, ते गाणं खरं हिमालयातल्या झाडांसाठीचं, पण थोडंसं आपल्यालाही ऐकायला मिळतं.

रंगपंचमीच्या गेरच्या, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीच्या दिवशी सगळं शहर राजवाड्याकडे पळत होतं तेव्हा माझा माशीमार आंब्यावरच होता. आज सकाळीही दिसला, 6:50 ला, चार मिनिटं. उद्याचं उद्या कळवते. तुझ्या लिंबावर कोण आहे ते रात्रीपर्यंत लिहून पाठव, आणि कोणी नसेल तर तेही लिही.

तुझी मावशी