तज्ज्ञांसमोर बावळट ठरण्याची भीती

‘त्यांनी या विषयात अख्खं आयुष्य घातलंय, मी त्यांना काय विचारणार? बावळटच ठरेन.’ मुलाखत घ्यायची वेळ आलेले विद्यार्थी हमखास हे बोलतात. ही त्यांपैकीच एक (ओळखीचे तपशील बदलले आहेत). भूजलतज्ज्ञांची मुलाखत तोंडावर आलेली, झोप उडालेली, वही प्रश्नांनी भरलेली.

मी म्हटलं, पहिला प्रश्न मोठ्याने वाच. ‘हवामानबदल, बेसुमार उपसा आणि धोरणांचं अपयश पाहता भूजलाचं भवितव्य चिंताजनक आहे, असं आपल्याला वाटत नाही का?’

‘यावर ते काय म्हणतील?’

ती थबकली. ‘हो, वाटतं. एवढंच, मॅडम.’

एका प्रश्नात तीन विषय, उत्तरही त्यातच, आणि वर ‘मी अभ्यास केलाय’ ही पाटी. भीती प्रश्नात शिरते ती अशी. विचारणारा स्वतःला सांभाळत बसतो आणि प्रश्न लांबत जातो.

तिच्या भीतीत तथ्यही होतं. तज्ज्ञांच्या स्वतःच्या लेखात छापलेलं त्यांनाच विचारलं, तर ते वैतागणारच. त्यावर उपाय वाचनाचा, समुपदेशनाचा नाही. वाचून जे कळलं ते तिने खोडलं आणि वही बरीच रिकामी झाली.

उरलेल्या प्रश्नांसाठी मी तिला गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाचं काम सांगितलं. १९८०च्या दशकात त्याने अग्निशमन दलातल्या मुरलेल्या अधिकाऱ्यांना निर्णय कसे घेता असं विचारलं, तर ‘आम्ही निर्णय घेतच नाही’ अशा धाटणीचं उत्तर मिळालं. एखाद्या ठरावीक आगीची हकीकत विचारली, की मात्र काय दिसलं, काय खटकलं, हे सगळं बाहेर यायचं. हातात बसलेलं कौशल्य ज्याचं त्याला दिसत नाही. त्याला प्रसंगच विचारावा लागतो. मग तिने लिहिलं: ‘तुमचा अंदाज साफ चुकला, अशी एखादी विहीर आठवते का? तिथे काय झालं?’

पुढे सरावासाठी मी तज्ज्ञांच्या भूमिकेत गेले आणि मुद्दाम ‘जलधर’, ‘पुनर्भरण’ असे शब्द फेकत सुटले. ती मान डोलावत होती. समजलं का, विचारलं तर नाही! मग ‘थांबा, हे साध्या भाषेत सांगाल का?’ एवढं एकच वाक्य आम्ही घोटलं. ‘माफ करा, प्रश्न मूर्खपणाचा आहे, पण’ हे शेपूट सुटेपर्यंत. (वेळ सगळ्यात जास्त यातच गेला.)

मुलाखतीनंतर ती भेटली. दोन प्रश्नांवर नुसतं ‘नाही’ मिळालं होतं. चुकलेल्या विहिरीवर मात्र ते इतके रंगले, की शेवटचे प्रश्न राहूनच गेले. आता दुसरी मुलाखत ठरली आहे आणि तिचा सवाल: प्रश्न आधी पाठवू का? विषय पाठव, म्हटलं, आणि आकडे हवे असतील तर तेही कळव, म्हणजे त्यांना शोधून ठेवता येतील. विहिरीसारखा प्रश्न मात्र समोर बसल्यावरच विचार, नाहीतर घोटून ठेवलेलं उत्तर मिळेल.