डबा बंद करणाऱ्यांचं प्रमाण तीन किचनमध्ये खरंच वेगळं आहे का? काय-स्क्वेअरमध्ये टक्के घालायचे की माणसं?

बाकीच्यांनाही कळावं म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. पुण्यात तुमची घरपोच डब्याची तीन किचन आहेत. गेल्या महिन्यात कोथरूडला २४० ग्राहक होते, त्यातल्या ३६ जणांनी डबा बंद केला. हडपसरला १६० पैकी ४० जणांनी, वाकडला २०० पैकी ३२ जणांनी. म्हणजे गळती अनुक्रमे १५, २५ आणि १६ टक्के. तुम्ही हे तीन टक्के काय-स्क्वेअरच्या (प्रमाणांतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, ते तपासणाऱ्या चाचणीच्या) सूत्रात घातलेत, उत्तर ३.२५ आलं, पुस्तकातल्या टेबलात मर्यादा ५.९९ होती, म्हणून ‘फरक नाही’ असं ठरवलंत. भावाने एक्सेलवर केलं तर त्याला ७.३२ मिळाले. आता तो म्हणतोय, हडपसरच्या काकूंच्या हाताला चव नाही, त्यांना बदला. दोघांत बरोबर कोण?

गणितात भाऊ बरोबर आहे. काकूंच्या बाबतीत मात्र दोघंही जरा थांबा.

आधी गणित. काय-स्क्वेअरच्या सूत्रात टक्के घालायचेच नसतात, तिथे मोजलेली माणसं लागतात. समजा तुमचा धंदा आहे त्याच्या चौपट लहान असता: कोथरूडला ६० पैकी ९, हडपसरला ४० पैकी १०, वाकडला ५० पैकी ८. टक्के तेच, १५-२५-१६, आणि तुमच्या पद्धतीने उत्तरही तेच ३.२५. आता धंदा दहापट मोठा धरा, २४०० पैकी ३६० वगैरे. पुन्हा ३.२५! ४० गिऱ्हाइकांतले १० गेले काय आणि १६०० तले ४०० गेले काय, तुमच्या सूत्राला दोन्ही सारखेच. खरं तर पहिल्या गोष्टीत निव्वळ योगायोगाचा वास येतो आणि दुसऱ्या गोष्टीत धंद्याला भोक पडलेलं असतं. माणसं घालून केलं तर लहान धंद्यात १.८३ येतात, तुमच्या खऱ्या आकड्यांवर ७.३२ आणि दहापटीत ७३. नमुना जितका मोठा तितका त्याच फरकाला वजन जास्त, आणि चाचणीकडून आपल्याला नेमकं तेच हवं असतं.

आता ७.३२ कुठून आले ते हाताने करून बघू, कारण एक्सेलने दिलेला आकडा हाताने काढल्याशिवाय अंगात मुरत नाही. एकूण ६०० ग्राहक, त्यातले १०८ गेले, म्हणजे १८ टक्के. तिन्ही किचन सारखीच असती तर प्रत्येकाकडून साधारण १८ टक्केच गेले असते: कोथरूडला ४३.२, हडपसरला २८.८, वाकडला ३६. हे झाले अपेक्षित आकडे. प्रत्यक्षात गेले ३६, ४० आणि ३२. फरक उणे ७.२, अधिक ११.२ आणि उणे ४. फरकांची बेरीज शून्य यायला हवी. नसेल येत तर पुढे जाऊ नका, मागे चूक आहे. प्रत्येक फरकाचा वर्ग करून त्याच्या अपेक्षित आकड्याने भागा: १.२०, ४.३६ आणि ०.४४. बेरीज ६.००.

इथे पुष्कळ जण पेन खाली ठेवतात. टेबलात ५.९९, आपले ६.००, काठावर पास! पण काम अर्धंच झालंय. डबा चालू ठेवणाऱ्यांची ओळ राहिली ना. त्या ओळीत अपेक्षित १९६.८, १३१.२ आणि १६४. प्रत्यक्षात २०४, १२० आणि १६८. फरक तेच, फक्त चिन्हं उलटी, पण भाजक मोठे असल्याने वाटा लहान येतो: ०.२६, ०.९६, ०.१०. म्हणजे आणखी १.३२. दोन्ही ओळी मिळून ७.३२. प्रमाणांची तुलना असली की ‘गेले’ आणि ‘राहिले’ दोन्ही घ्यावे लागतात. गेलेल्यांची ओळ एकटी घेऊन केलेलं काय-स्क्वेअर मी प्रोजेक्ट रिपोर्टांमध्ये इतक्या वेळा पाहिलंय की आता आधी तेच तपासतो.

डिग्रीज ऑफ फ्रीडम: ओळी उणे एक, गुणिले रकाने उणे एक. इथे १ गुणिले २, म्हणजे २. सगळ्या बेरजा ठरलेल्या असताना सहापैकी दोनच घरं मोकळेपणाने भरता येतात, उरलेली चार आपोआप ठरतात. हे आज एका ओळीत सांगता येतं, पण ही चाचणी १९०० साली मांडणाऱ्या कार्ल पिअरसनचाच इथे गोंधळ होता. अशा टेबलांसाठी तो एकूण घरं उणे एक धरत असे. आपल्या उदाहरणात ते ५ झाले असते, पाच टक्क्यांची मर्यादा (नुसत्या योगायोगाने शंभरात पाचच वेळा ओलांडली जाणारी) ११.०७ वर गेली असती आणि आपले ७.३२ नापास ठरले असते. १९२२ मध्ये रोनाल्ड फिशरने ही चूक दाखवून दिली आणि दोघांचं त्यावरून चांगलंच वाजलं. तेव्हा तुम्ही कधी इथे अडखळलात तर फार मनाला लावून घेऊ नका.

दोन डिग्रीजसाठी पाच टक्क्यांची मर्यादा ५.९९ आणि एक टक्क्याची ९.२१. आपला आकडा या दोन्हींच्या मध्ये पडतो. पी-व्हॅल्यू येते सुमारे ०.०२६. तिचा अर्थ असा: तिन्ही किचनची खरी गळती एकसारखीच असती, तरी नुसत्या योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक हजारात साधारण २६ वेळा दिसला असता. हडपसर वाईट असण्याची शक्यता ९७ टक्के आहे, असा तिचा अर्थ होत नाही. भावाला हे दोनदा सांगा. आणि एक्सेलमध्ये काय-स्क्वेअर टेस्टचं फंक्शन वापरत असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. अपेक्षित आकड्यांचं टेबल तुम्हालाच करून द्यावं लागतं, आणि ते फंक्शन उत्तर म्हणून थेट पी-व्हॅल्यू देतं. ०.०२६ लाच काय-स्क्वेअर समजून ‘५.९९ पेक्षा कमी, म्हणून फरक नाही’ असं लिहिणारे थोडेथोडके नाहीत.

बरं, ७.३२ ने इतकंच सांगितलं की तिन्ही एकसारखी दिसत नाहीत. वेगळं कोण, ते अजून कळलेलं नाही. सहा घरांचे वाटे पाहिले तर ७.३२ पैकी ५.३१ एकट्या हडपसरचे आहेत. हे नीट बघायला समायोजित रेसिड्युअल, म्हणजे प्रत्यक्ष आणि अपेक्षित यांतला फरक एका समान मापावर आणून, काढतात: हडपसरचं २.६९, कोथरूडचं उणे १.५६, वाकडचं उणे ०.९०. तीन ठिकाणी तपासतोय म्हणून नेहमीच्या १.९६ ऐवजी जरा कडक, २.३९ ची रेघ ओढू. हडपसर तीही ओलांडतं. कोथरूड आणि वाकड यांचीच आपसात तुलना केली तर काय-स्क्वेअर फक्त ०.०८, म्हणजे ती दोन किचन जुळी भावंडंच.

दोनच प्रमाणांची तुलना असेल, उदाहरणार्थ हडपसर आणि बाकीचे, तर झेड-टेस्ट (दोन प्रमाणांतला फरक थेट तपासणारी चाचणी) करा नाहीतर काय-स्क्वेअर, एकच गोष्ट आहे. २.६९ चा वर्ग ७.२४, तेच काय-स्क्वेअर. १.९६ चा वर्ग केला की टेबलातला ३.८४ मिळतो, तोही याचमुळे. फक्त ‘हडपसरची गळती जास्त आहे’ असा एका दिशेचा प्रश्न आकडे बघायच्या आधीच ठरवला असेल तर झेड सोयीचा, कारण वर्ग केला की दिशा पुसली जाते. दोन बाय दोनच्या टेबलात काही पुस्तकं येट्सची १९३४ ची दुरुस्ती लावतात, तिने उत्तर थोडं खाली येतं. तुमच्या एवढ्या आकड्यांवर तिने निकाल बदलत नाही. मी सहसा लावत नाही. परीक्षेत विचारलं तर लावा.

धंद्याच्या दृष्टीने पी-व्हॅल्यूपेक्षा मला पुढचा हिशोब महत्त्वाचा वाटतो. हडपसरला २५ टक्के गळती, बाकी दोन्हीकडे मिळून १५.५. फरक साडेनऊ टक्क्यांचा, आणि ९५ टक्के विश्वासांतर काढलं तर तो साधारण २ ते १७ यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. १६० ग्राहकांवर साडेनऊ टक्के म्हणजे महिन्याला १५ डबे. डबा ३,००० रुपयांचा धरला तर ४५,००० रुपये. पण विश्वासांतराचं खालचं टोक खरं असेल तर तीन डबे, म्हणजे ९-१० हजार. किचन हलवायचं, पगार वाढवायचा की काहीच करायचं नाही, हा निर्णय या दोन टोकांकडे बघून घ्या. ‘सिग्निफिकंट’ या शिक्क्यावर घेऊ नका.

आता काकूंकडे येऊ.

काय-स्क्वेअरची एक अट पुस्तकात एका ओळीत असते आणि धंद्यात तीच सगळ्यात आधी मोडते: प्रत्येक नोंद स्वतंत्र हवी. मगरपट्ट्याच्या एका फ्लॅटमध्ये चार पोरं राहतात, चौघांचा डबा तुमच्याकडे. फ्लॅटचा करार संपला, चौघं एकदम गेली. तुमच्या वहीत चार ग्राहक गेले, प्रत्यक्षात निर्णय एकच झाला. असे पाच-सहा फ्लॅट हडपसरच्या ४० मध्ये असतील तर ७.३२ हा आकडा फुगलेला आहे. एका पत्त्याचे डबे एकच धरून पुन्हा मोजा. तक्रारींचंही तेच. एकच आजोबा महिन्यात नऊ वेळा ‘पोळी कडक’ म्हणून फोन करतात, त्या नऊ तक्रारी काय-स्क्वेअरमध्ये घालू नका. तक्रार केलेली माणसं मोजा, तक्रारी नकोत.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. प्रत्येक किचनचे ग्राहक कोण आहेत? कोथरूडला तुमच्याकडे मुलं परदेशी असलेली ज्येष्ठ मंडळी असणार, एकदा डबा लावला की वर्षानुवर्षं तोच. हडपसरला नुकते नोकरीला लागलेले, आज डबा तर उद्या ॲपवरून मागवणारे. हा माझा अंदाज आहे, पण समजा ग्राहकांची विभागणी अशी निघाली: तीन महिन्यांच्या आत डबा लावलेले, म्हणजे नवे, कोथरूडला ६०, हडपसरला १२०, वाकडला ६०. बाकीचे जुने. आणि समजा, तिन्हीकडे नव्यांतले ३० टक्के जातात आणि जुन्यांतले १० टक्के. मांडून बघा. कोथरूड: ६० तले १८ आणि १८० तले १८, झाले ३६. हडपसर: १२० तले ३६ आणि ४० तले ४, झाले ४०. वाकड: ६० तले १८ आणि १४० तले १४, झाले ३२.

तुमचेच आकडे, एकही इकडेतिकडे नाही. नव्यांत तिन्ही किचन सारखी, जुन्यांत तिन्ही सारखी, आणि एकत्र केले की ७.३२. या चित्रात काकूंचा काडीचा दोष नाही. हडपसरला नवे ग्राहक जास्त आहेत, एवढंच. भावाचं काय-स्क्वेअर तरीही बरोबरच आहे. प्रमाणं वेगळी आहेत असं ते म्हणालं आणि ती आहेतच. का वेगळी आहेत हे त्याला विचारलेलं नव्हतं आणि त्याला ते सांगताही येत नाही.

म्हणून वहीत डबा लावल्याची तारीख असेलच, ती काढा. नव्यांचं एक आणि जुन्यांचं एक अशी दोन टेबलं करा, प्रत्येकावर वेगळं काय-स्क्वेअर. दोन्हीकडे हडपसर पुढेच राहिलं तर मग चव, वेळ, डबा पोचवणारा मुलगा, सगळं तपासा. टेबलं फोडली की घरं लहान होतात, तेव्हा अपेक्षित आकड्यांवर नजर ठेवा. वर्गात आपण ‘प्रत्येक घरात किमान ५’ असा नियम सांगतो, तो जरा जास्तच कडक आहे. विल्यम कॉक्रनने १९५४ मध्ये सुचवलेला सैल नियम असा, की पाचाच्या खालची घरं एकूण घरांच्या २० टक्क्यांहून जास्त नकोत आणि एकाच्या खाली एकही नको. वरच्या काल्पनिक उदाहरणात जुन्यांच्या टेबलात हडपसरचं अपेक्षित ४ वालं एकच घर पाचाच्या खाली आहे, सहापैकी एक, म्हणजे चालेल. तुमच्या खऱ्या आकड्यांत अशी दोन-तीन घरं निघाली तर फिशरची एक्झॅक्ट टेस्ट (लहान आकड्यांवरही चालणारी चाचणी) करा, नाहीतर दोन महिन्यांची वही एकत्र घ्या. पण एकत्र घेताना एक ग्राहक एकदाच धरायचा, नाहीतर स्वतंत्र नोंदींची अट पुन्हा मोडेल.